कॅचरवर किती पैसे लावायचे?

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार.

मी मूळचा नाशिकचा, सध्या मुक्काम रेडमंड, सिअ‍ॅटलच्या शेजारी. ऑफिसात आमची बारा जणांची फँटसी बेसबॉल लीग आहे. खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवर आमचे गुण ठरतात. खऱ्या पैशांचा खेळ नाही. लिलावासाठी प्रत्येकाला लुटुपुटीचे २६० डॉलर मिळतात, त्यात २३ खेळाडू घ्यायचे आणि त्यांत दोन कॅचर सक्तीचे. फलंदाजांची मोजणी पाच रकान्यांत होते: बॅटिंग अ‍ॅव्हरेज (बॅटिंगच्या दर संधीमागे हिटचं प्रमाण), होमरन, रन, आरबीआय (आपल्या फटक्यावर संघाला मिळालेले रन) आणि स्टील (पळून चोरलेले बेस). मी क्रिकेटवर वाढलेला. कॅचर म्हणजे विकेटकीपर असं धरून गेल्या वर्षी हातमोज्यांत सगळ्यात चांगला म्हणून पॅट्रिक बेली घेतला, आणि जोडीला बॉल्टिमोरच्या ॲडली रचमनवर बरेच डॉलर घातले. दोघांनी मिळून मला तळाला नेलं. यंदा काही झालं तरी सिअ‍ॅटल मरिनर्सचा कॅल रॉली घ्यायचा असं ठरवलंय. २०२५ च्या २४ सप्टेंबरला त्याचा साठावा होमरन मी स्टेडियममध्ये बसून पाहिलाय. पण लीगमधले जुने लोक म्हणतात, कॅचरवर पैसे घालणं म्हणजे पाण्यात घालणं. मी काय करू? आणि मुळात कॅचर पारखायचा कसा?

– एक नाशिककर, रेडमंड

नाशिककर, नमस्कार.

तुमचे जुने लोक एका प्रकारच्या लीगबद्दल अगदी बरोबर बोलतात, पण ती लीग तुमची नाही. त्या हिशोबाकडे येतेच. आधी बेलीचं बघू, कारण घोटाळ्याची सुरुवात तिथे झाली आहे.

पॅट्रिक बेली हा खरोखर मोठा कॅचर आहे. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, घेतला. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा सामना लागला की एखादी इनिंग चेंडू सोडून फक्त त्याच्या डाव्या हाताकडे बघा. चेंडू फलंदाजासमोरच्या प्लेटवर खालच्या कडेला येत असतो, हातमोजा आधीच जमिनीलगत गेलेला असतो, आणि चेंडू आत शिरता शिरता तो खालून वर येतो. इतका थोडा, की दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय कळत नाही. अंपायर स्ट्राइक देतो, म्हणजे कडेबाहेरचा चेंडूही फलंदाजाच्या विरोधात मोजला जातो. अशा चोरलेल्या स्ट्राइकवर जायंट्स सामने जिंकतात. तुमच्या पाच रकान्यांत त्याचं काय पडतं? काहीच नाही. २०२५ मध्ये बेलीचं अ‍ॅव्हरेज .२२२ आणि होमरन ६. त्यांतला एक तर ८ जुलैला फिलीजविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये मारलेला, चेंडू मैदानातच असताना चारही बेस पळून सामना जिंकून देणारा होमरन होता. कॅचरने असा सामना जिंकल्याची त्याआधीची नोंद १९२६ ची. मी तो पाहताना उभी राहिले होते. तरी तुमच्या हिशोबात तो एकच होमरन.

इथे क्रिकेटची सवय आड येते. फँटसी क्रिकेटमध्ये कीपरने घेतलेल्या झेलाचे आणि यष्टिचीतचे गुण थेट त्याच्या खात्यात पडतात, त्यामुळे चांगली कीपिंग वाया जात नाही. तुमच्या लीगमध्ये कॅचर हा फक्त फलंदाज आहे. कुठे उभा राहतो एवढ्यावरून त्याची संघातली जागा ठरते, बस.

म्हणून हातमोज्याकडे पाहूच नका असं मात्र मी म्हणणार नाही. हातमोजा गुण देत नाही, पण खेळायला मिळणं त्याच्यावर ठरतं. ज्याची बॅट मध्यम आणि कीपिंग पक्की, त्याला मॅनेजर पंधरा दिवस शून्यावर गेला तरी बसवत नाही. ज्याची बॅट जोरदार पण मागचं काम कच्चं, त्याच्यावर कायम टांगती तलवार. मायामीच्या अगुस्तीन रामिरेझने २०२५ मध्ये पहिल्याच वर्षी २१ होमरन आणि १६ स्टील दिले. कॅचरच्या जागेवर १६ स्टील ही चैन आहे. पण प्लेटमागे त्याची पंचाईत होते, म्हणून संघ त्याला बरेचदा नुसता फलंदाज, म्हणजे डीएच म्हणून खेळवतो. यंदा तुम्हाला त्याने फायदाच होईल. पुढच्या वर्षी तो कॅचर म्हणून उरेल का, हा प्रश्न आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते कॅचर पारखताना पहिला आकडा होमरनचाही नाही आणि अ‍ॅव्हरेजचाही नाही. पहिला आकडा तो वर्षात किती वेळा बॅटिंगला येणार, हा. आउटफिल्डर, म्हणजे मैदानात दूर उभा राहणारा, सहाशेच्या वर वेळा सहज येतो. बरेचसे नियमित कॅचर साडेचारशे-पाचशेच्या आसपास थांबतात. कारण साधं आहे. रोज रात्री शे-सव्वाशे चेंडू उकिडवं बसून घ्यायचे, बॅटला घासून आलेली फाउल टिप अंगठ्यावर, खांद्यावर, मुखवट्यावर झेलायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शनिवारी रात्रीचा सामना आणि रविवारी दुपारी एक वाजता पुढचा, असं वेळापत्रक आलं की पहिल्या पसंतीचा कॅचर रविवारी बहुधा बाकावर असतो. तुमच्याकडे पॅसिफिक वेळेत पूर्वेकडच्या सामन्यांत कोण खेळणार याच्या याद्या रविवारी सकाळी चहाच्या वेळेला येतात. आठवणीने बघत जा. लीगमध्ये संघ रोज बदलता येत असेल तर तुम्ही बाकावरच्या दुसऱ्या कॅचरला आत घेऊ शकता. आठवड्यातून एकदाच बदलता येत असेल, तर त्या रविवारचं शून्य तुमच्या नशिबी.

म्हणून प्रत्येक कॅचरबद्दल एक प्रश्न विचारा: हा प्लेटमागे नसतो त्या दिवशी कुठे असतो? बाकावर, की डीएच किंवा पहिल्या बेसवर?

लॉस एंजेलिस डॉजर्सचा विल स्मिथ घ्या. माणूस म्हणून, खेळाडू म्हणून मला तो फार आवडतो. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीत, सातही सामने मिळून ७३ इनिंग्ज त्यानेच प्लेटमागे काढल्या, तो विक्रम आहे, आणि सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगला टोरोंटोविरुद्ध पुढे नेणारा होमरनही त्याचाच. त्या हंगामात त्याचं अ‍ॅव्हरेज .२९६ होतं, कॅचरमध्ये असं दुर्मीळच. पण डॉजर्सचा डीएच कोण? शोहेई ओहतानी. तो रोज तिथे असतो. म्हणजे स्मिथची विश्रांती ही खरीखुरी विश्रांती, त्या दिवशी तुमच्या खात्यात काही नाही. शिवाय डॉजर्सना ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांचे वेध असतात, त्यामुळे ते त्याला जपून वापरतात. सप्टेंबरमध्ये फाउल चेंडू उजव्या हातावर बसून त्याचं हाड चिरलं आणि नेमका तुमच्यासारख्यांच्या शेवटच्या आठवड्यांत तो गायब झाला.

याच्या उलट मिल्वॉकीचा विल्यम कॉन्ट्रेरस. फलंदाजीच्या क्रमात वरती येतो आणि प्लेटमागे नसला की बरेचदा डीएच म्हणून खेळतो. २०२४ मध्ये त्याने २३ होमरन, ९२ आरबीआय, .२८१ आणि तब्बल ९९ रन दिले. कॅचरकडून ९९ रन! लोक होमरन बघतात, रन विसरतात. सातव्या-आठव्या क्रमांकावर येणाऱ्या कॅचरला रन मिळत नाहीत, कारण त्याच्या मागचे फलंदाज कमजोर असतात. दुसऱ्या-तिसऱ्यावर येणाऱ्याला मिळतात. २०२५ मध्ये कॉन्ट्रेरस १७ होमरन आणि .२६० वर आला, तेव्हा लिलावात काही जण त्याला उतरलेला माल समजतील. तो त्या वर्षी डाव्या हाताचं बोट मोडलेलं असताना खेळत होता. बोट बरं झालेलं असलं तर यंदा मला तो रॉलीपेक्षा चांगला सौदा वाटतो, आणि हे मी सिअ‍ॅटलच्या माणसाला लिहितेय याची मला जाणीव आहे.

आता जुन्या लोकांचा हिशोब. बारा जणांच्या लीगमध्ये एकच कॅचर लागत असता तर एकूण बारा कॅचर विकले गेले असते. मेजर लीगमध्ये संघ तीस. म्हणजे अठरा संघांचे पहिल्या पसंतीचे कॅचर फुकट पडून राहिले असते, आणि त्यांतला एखादा दुसरा-तिसरा तुमच्या विकत घेतलेल्यापेक्षा फार वाईट नसता. अशा लीगमध्ये कॅचरवर डॉलर उधळणं खरंच पाण्यात घालणं. पण तुमच्याकडे दोन कॅचर आहेत. बारा दुणे चोवीस. तीसपैकी चोवीस गेल्यावर जे सहा उरतात ते कोण असतील, डोळ्यांसमोर आणा: दोघांत वाटून खेळणारे, .२०५ वाले, दुखापतीतून परत येणारे. तुमच्या लीगमध्ये फुकटचा कॅचर म्हणजे जवळपास रिकामी जागा. त्यामुळे तिथे बऱ्यापैकी कॅचरलाही किंमत आहे. ही दोन कॅचरची पद्धत नवी नाही. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये हा खेळ सुरू केला तेव्हापासूनच्या परंपरेतलीच ती आहे, आणि २३ खेळाडू नि २६० हे आकडेही त्या परंपरेतलेच. खेळ सोपा करायला पुढे बऱ्याच ठिकाणी एकच कॅचर ठेवला गेला. तुमच्या ऑफिसने जुनी रीत ठेवली, आणि सल्ला मात्र नव्या रीतीचा चालू आहे.

अ‍ॅव्हरेजबद्दल एक गणित मांडून दाखवते, कारण इथे पुष्कळ जण उगाच घाबरतात. तुमचे चौदा फलंदाज मिळून वर्षाला साधारण ७,००० वेळा अ‍ॅट-बॅट घेतात असं धरा. कॅचरच्या वाट्याला ४००. तो .२६० चा असेल तर १०४ हिट, .२२० चा असेल तर ८८. फरक सोळा हिटचा, म्हणजे सगळ्या संघाच्या अ‍ॅव्हरेजमध्ये फक्त दोन हजारांशांच्या जरा वर. हाच फरक सहाशे वेळा बॅटिंग करणाऱ्या आउटफिल्डरच्या बाबतीत चोवीस हिटचा होतो. तेव्हा .२२० चा पण तीस होमरनवाला कॅचर बिनधास्त घ्या. तो कमी खेळतो म्हणून कमी दुखावतो. दोन्ही कॅचर तसे घेतले तर मात्र बोच जाणवते. एक होमरनवाला, एक अ‍ॅव्हरेजवाला, अशी जोडी मला बरी वाटते. अ‍ॅव्हरेजच्या बाजूला टोरोंटोचा अलेहान्द्रो कर्क आहे. २०२५ मध्ये .२८२, होमरन १५. पळायला संथ, स्टीलच्या नावाने शून्य धरा, पण स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, फार कमी होतो, त्यामुळे त्याचं अ‍ॅव्हरेज अंगावर येत नाही.

आणि आता रॉली. तुम्ही ज्याची वाट बघत होता तो भाग.

२०२५ मध्ये त्याने जे केलं ते कुठल्याही कॅचरने केलेलं नव्हतं. मुख्यतः कॅचर असलेल्या खेळाडूचा एका हंगामातला विक्रम कॅन्सस सिटीच्या साल्वादोर पेरेझच्या नावावर होता, २०२१ चे ४८. तो मोडला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्या फलंदाजाचा मिकी मँटलचा १९६१ पासूनचा ५४ चा विक्रम मोडला. मरिनर्समध्ये केन ग्रिफी ज्युनियरचे ५६ मागे टाकले. १२५ आरबीआय, वर १४ स्टील. आणि १५९ सामने! हा शेवटचा आकडा बघा, कारण सगळं त्यावर उभं आहे: प्लेटमागे नसेल त्या दिवशी सिअ‍ॅटल त्याला डीएच करतं. माझ्या मघाच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर सध्या बेसबॉलमध्ये कोणाकडे नाही.

मग घ्यायचा ना? घ्यायचा, पण साठ होमरनच्या भावाने नाही. त्याची आधीची तीन वर्षं मांडा: २७, ३०, ३४. मग एकदम ६०. एका हंगामात साठ गाठणारे त्याच्या आधी सहाच जण झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांचं काय झालं ते वाचण्यासारखं आहे. रॉजर मॅरिस ६१ वरून ३३ वर आला. बॅरी बाँड्स ७३ वरून ४६. ॲरन जज ६२ वरून ३७, पायाचा अंगठा दुखावल्यामुळे. मार्क मॅग्वायर ७० नंतर ६५ आणि सॅमी सोसा ६६ नंतर ६३ असे टिकले, बेब रूथ ६० नंतर ५४ वर राहिला, पण त्यांच्यातला एकही कॅचर नव्हता. कॅचरचं उदाहरण हवं तर पेरेझचंच घ्या. ४८ च्या पुढच्या वर्षी अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली आणि होमरन झाले २३. तो काही वाईट खेळाडू झाला नव्हता. कॅचरचं अंग हे असंच असतं.

मी रॉलीला यंदा पस्तीस-अडतीस होमरन आणि .२३५ च्या आसपास अ‍ॅव्हरेज धरते. हा अंदाज माझा, पण त्याच्या चार वर्षांवर बसवलेला. आता शेजारी बाकीचे ठेवून बघा. २०२५ मध्ये कोलोराडोच्या हंटर गुडमनने ३१ होमरन आणि .२७८ दिले. ॲथलेटिक्सच्या शेय लँगलियर्सने ३१ आणि .२७७. पेरेझने पस्तिशीत ३०. यांकीजचा बेन राइस २६, आणि तो तर पहिल्या बेसवर नि डीएच म्हणूनच जास्त खेळतो, त्यामुळे उकिडवं बसून झिजत नाही. रॉली साठवर असेल तर या सगळ्यांच्या आणि त्याच्यात तीस होमरनचं अंतर आहे. तो सदतिसावर आला तर अंतर सहाचं. लिलावात पैसे तुम्ही अंतराला मोजता, खेळाडूला नाही. म्हणून माझी मर्यादा २७ डॉलर. अठ्ठावीस झाले की हात खाली.

गुडमनबद्दल सावध करते. डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर उंचीमुळे चेंडू लांब जातो, हे खरं आणि त्याच्या फायद्याचं, पण त्याचा संघ, रॉकीज, बाहेरगावी असतो त्या आठवड्यांत त्याला बघून जीव खालीवर होऊ देऊ नका. शिवाय स्ट्राइकआउट पुष्कळ आहेत; .२७८ पुन्हा येईलच असं धरून पैसे लावू नका. लँगलियर्सचंही तसंच. २०२४ मध्ये त्याचे होमरन २९ होते आणि अ‍ॅव्हरेज .२२४. होमरन दोन्ही वर्षी सारखे आले, अ‍ॅव्हरेज मात्र पन्नास हजारांशांनी उडालं. जे दोनदा दिसलं त्याचे पैसे द्या, एकदाच दिसलं ते फुकट मिळालं तर घ्या. गॅरी सांचेझला आठवून बघा: २०१६ मध्ये यांकीजकडून ५३ सामन्यांत २० होमरन, २०१७ ला ३३, आणि ज्यांनी त्यावर २०१८ ला डोळे मिटून पैसे लावले त्यांना .१८६ मिळालं.

रचमनवर तुम्ही नाराज आहात, ते समजू शकते. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिलाच उचललेला खेळाडू, २०२३ ला .२७७ आणि २० होमरन. त्यावर पैसे लावणं चूक नव्हतं. गेल्या वर्षी आधी एका बाजूचा बरगडीखालचा स्नायू गेला, मग दुसऱ्या बाजूचा. ९० सामने, .२२०, होमरन ९. यंदा भर अशी की बॉल्टिमोरने सॅम्युएल बसायोशी आठ वर्षांचा करार करून ठेवलाय, आणि बसायोही कॅचर. म्हणजे रचमनला विश्रांतीच्या दिवशी डीएचची जागा सहज मिळेल असं आता नाही. तरीही तो फक्त अठ्ठावीस वर्षांचा आहे. तुमच्या लीगमध्ये बाकीच्यांनाही गेल्या वर्षीचा राग असेल, आणि सहा-सात डॉलरला मिळत असेल तर दुसरा कॅचर म्हणून मी त्याला उचलीन. रागापायी सोडू नका.

नव्या पोरांबद्दल माझं मत जरा कडक आहे. कॅचरला बॅटिंगबरोबर अख्खा पिचिंग स्टाफ पाठ करावा लागतो: कोणाचा स्लायडर कुठे वळतो, कोण दोन स्ट्राइकनंतर घाबरतो. पहिली एक-दोन वर्षं डोकं त्यात जातं आणि बॅट मागे पडते. अटलांटाच्या ड्रेक बॉल्डविनने हे खोटं ठरवलं. २०२५ च्या सुरुवातीला शॉन मर्फीची बरगडी दुखावली म्हणून त्याला जागा मिळाली, आणि वर्षअखेर .२७४, १९ होमरन, ८० आरबीआय घेऊन तो नॅशनल लीगचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. त्याला दुसऱ्या वर्षी आनंदाने घ्या. पण त्याच्यावरून यंदाच्या प्रत्येक नव्या नावाला बॉल्डविन समजू नका. अशांना एक-दोन डॉलर, त्यावर नाही.

पात्रतेचा नियम लिलावाच्या आधी वाचून ठेवा. कोण कॅचर म्हणून घेता येतो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. याहूच्या फँटसी खेळात एखाद्या जागी पाच सामने सुरुवातीपासून किंवा एकूण दहा खेळले तरी ती जागा मिळते. इतर बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचे वीस सामने लागतात. सेंट लुइसच्या इव्हान हेरेरासारखा, मागच्या वर्षी मोजकेच सामने प्लेटमागे आणि बाकी डीएच म्हणून खेळलेला, एका लीगमध्ये सोनं आहे आणि दुसऱ्या लीगमध्ये त्याला कॅचर म्हणून लावताच येत नाही. विल्सन कॉन्ट्रेरस, म्हणजे विल्यमचा मोठा भाऊ, २०२५ मध्ये पहिल्या बेसवर गेला आणि त्याची कॅचर म्हणून पात्रता संपली. डॉल्टन वार्शोचंही तसंच झालं. २०२२ मध्ये ॲरिझोनासाठी २७ होमरन आणि १६ स्टील, सामने बहुतेक आउटफिल्डमध्ये, पण कॅचर म्हणून लावता यायचा. ज्यांच्याकडे तो होता त्यांची त्या वर्षी चंगळ होती. तो टोरोंटोला गेला आणि नुसता आउटफिल्डर झाला. नावं सारखी वाटतात म्हणून लिलावात चुकीच्या कॉन्ट्रेरसवर हात वर करू नका, घाईत होतं असं.

२०२६ पासून एक नवा नियम आलाय, त्याकडेही लक्ष असू द्या. अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आता आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते खर्च होत नाही. आव्हान फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचरच देऊ शकतो, तेही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात आपटून. चोरलेली स्ट्राइक आता पकडली जाऊ शकते. माझा कयास असा की हातमोज्याची जादू पूर्ण संपणार नाही, सामन्यात शेकड्यांनी चेंडू आणि आव्हानं दोनच. पण संघ हळूहळू बॅटवाल्या कॅचरला जास्त संधी देऊ लागतील. आपल्यासारख्यांना ते चांगलंच. या एका वर्षावर फार पैसे मात्र लावू नका.

थोडक्यात उरलं ते लिलावाच्या दिवसाचं. तुमचं ऑफिस सिअ‍ॅटलला आहे आणि त्या २४ सप्टेंबरच्या रात्री स्टेडियममध्ये तुम्ही एकटे नव्हता. मरिनर्सनी २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकलं ती रात्र. तुमच्या बारांपैकी निम्म्यांना तरी रॉली हवाच असणार, आणि त्या खोलीत त्याचा भाव इतर कुठल्याही शहरापेक्षा चढा जाईल. हे तुमच्या हाताशी आलेलं आहे, त्याचा उपयोग करा. तुमची पाळी आली की सगळ्यांचे खिसे भरलेले असताना, पहिल्या फेरीतच, रॉलीचं नाव तुम्ही स्वतः पुकारा. सत्तावीसपर्यंत मनापासून बोली लावा. मिळाला तर आनंदाने घ्या. कोणी चौतीस-पस्तीस मोजले, तर तेवढे डॉलर त्याच्याकडे नंतर नसणार. मग विल्यम कॉन्ट्रेरसची वाट बघा, तो पंधरा-सोळाला मिळावा. बॉल्डविन किंवा लँगलियर्स त्याच्या मागोमाग येईल, त्यांच्यातल्या एकाला दहा-बाराला धरा. ते हुकलं तर रचमन. कर्क शेवटपर्यंत टिकला तर तीन-चार डॉलर राखून ठेवा. आणि बेलीचे सामने बघत राहा, तो तुमच्या संघात नसताना बघायला जास्त मजा येते.